सुदृढ बालक : आकडा वजनाचा आणि रेषा वाढीची

काही दशकांपूर्वी गावोगावी 'सुदृढ बालक स्पर्धा' भरत असत. बालवाडीच्या किंवा महिला मंडळाच्या पटांगणात माता आपापली मुले घेऊन येत, तराजू मांडला जाई, वजने घेतली जात, आणि ज्याचे गाल भरलेले व मांड्यांना वळ्या पडलेल्या, असे बाळ बहुधा पहिल्या पारितोषिकाचे मानकरी ठरे. हगवण, गोवर, न्यूमोनिया यांसारख्या विकारांनी बालके मोठ्या संख्येने दगावत असण्याच्या त्या काळात या कौतुकामागे अनुभवाचे शहाणपण होते. अंगावर थोडे मांस असलेले मूल दुखण्यातून तरून जाते, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले होते.

पुढे परिस्थिती पालटली. लसीकरण गावागावांत पोहोचले, धान्याची टंचाई ओसरली, आणि पैसा दोन पैसा हाती आल्यावर मुलाच्या हौशीसाठी तो खर्चही होऊ लागला. मूल पाहण्याची दृष्टी मात्र पूर्वीचीच राहिली. आजही पाहुणे घरी आले की "मूल अगदी गुटगुटीत आहे हो" ही प्रशंसा ठरते आणि "किती हडकलाय, काही खात नाही का?" हा आईवरचा ठपका ठरतो. या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडलेली आई मुलाच्या मागे घास घेऊन धावते आणि ते नाही म्हणाले तर बिस्किटाचा पुडा उघडते. बालकांच्या आणि किशोरांच्या स्थूलतेचा प्रश्न अनेकदा अशा मायेच्या पोटीच जन्म घेतो.

वजन एका दिवसात तराजूवर कळते. वाढ मात्र महिनोन् महिने मोजल्याशिवाय कळत नाही. या दोहोंतील भेद पालकांच्या, शिक्षकांच्या आणि ग्रामस्थांच्या ध्यानी आला, तर या प्रश्नाची अर्धी उकल झाली असे समजण्यास हरकत नाही.

एकाच वाड्यावर दोन चिंता

गोव्याचे चित्र या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील पाच वर्षांखालील दर चार बालकांपैकी सुमारे एकाची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक बालकांत रक्तक्षय आढळला. याच पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी एकतृतीयांशाहून अधिक स्त्रिया अतिवजनी किंवा स्थूल होत्या. पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण मात्र शंभरात तीनच्या आसपास, म्हणजे अल्प होते.

हे आकडे एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. बालवयाच्या आरंभी प्रश्न आहे तो उणिवेचा, आणि प्रौढ वयात आहे तो अतिरेकाचा. हा पालट शाळेच्या आणि किशोरवयाच्या वर्षांतच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५ ते १९ वर्षे वयोगटातील अतिवजनी मुलांचे प्रमाण १९९० मध्ये सुमारे ८ टक्के होते. २०२२ मध्ये ते २० टक्के झाले. त्या वर्षी अशा मुलामुलींची संख्या ३९ कोटींहून अधिक होती आणि त्यांपैकी १६ कोटी स्थूल होती.

यावरून कुपोषण म्हणजे केवळ उपासमार नव्हे, हे उघड होते. जे मूल पोटभर खाते, परंतु ज्याच्या आहारात प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे अपुरी असतात, ते अंगाने भरलेले असूनही कुपोषितच असते. त्याच्या रक्तात लोह कमी आणि कमरेभोवती मेद अधिक, असे घडू शकते.

दिल्ली आणि पुणे येथील अभ्यासांचा धडा

भारतीय मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक का आहे, हे आपल्याच देशातील दोन दीर्घकालीन अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

पहिला अभ्यास दिल्लीचा. १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या बालकांची उंची व वजने तेथे नियमितपणे नोंदवून ठेवण्यात आली. तीच मुले २६ ते ३२ वर्षांची झाली, तेव्हा त्यांतील सुमारे १,५०० जणांची पुन्हा तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना ऐन तारुण्यात मधुमेह जडला होता किंवा जे त्याच्या उंबरठ्यावर होते, त्यांच्या बालपणीच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा ती मुले वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बहुधा कृश होती असे दिसले. त्यानंतर मात्र त्यांची अंगलट इतरांच्या मानाने लवकर भरू लागली होती आणि मोठेपणापर्यंत ती भरतच गेली होती. विशेष म्हणजे बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही मूल स्थूल म्हणण्याजोगे नव्हते. बाराव्या वर्षी कोणी त्यांना नुसते डोळ्यांनी पाहिले असते, तर 'मूल छान भरले' असेच म्हटले असते.

दुसरा अभ्यास पुण्याच्या परिसरातील. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ते सुमारे ३.५ किलो होते. परंतु वजनात इतके उणे असलेल्या या बाळांच्या त्वचेखालील मेद त्या प्रमाणात उणा नव्हता. उणे होते ते स्नायू आणि पोटातील इंद्रिये. दिसण्यात कृश, पण देहरचनेत मेदाकडे झुकलेले, असे हे बाळ. अशा देहावर पुढे झपाट्याने चढणारे वजन मधुमेह आणि हृदयविकार यांना लवकर निमंत्रण देते. याच अभ्यासात आणखी एक आशादायक गोष्ट आढळली : ज्या मातांच्या गरोदरपणातील आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा असे, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वाढीची होती.

या दोन्ही अभ्यासांचा अर्थ एकच. धोका एखाद्या दिवशीच्या वजनात शोधून सापडत नाही. वाढीची रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, त्यात तो दिसतो.

रेषा कशी वाचावी

अंगणवाडीत प्रत्येक बालकाच्या वजनाची नोंद वाढीच्या तक्त्यावर होत असते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून हा तक्ता खेड्यापाड्यांतील मातांच्या परिचयाचा आहे. तक्त्यावरील ठिपके जोडले की बालकाची रेषा तयार होते. ती तक्त्यावर छापलेल्या रेषांना समांतर वर जात असेल, तर मूल सडपातळ असले तरी त्याची वाढ समाधानकारक समजावी. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे. आणि उंची तेवढीच राहून वजनाची रेषा एकामागून एक छापील रेषा ओलांडत वर चढू लागली, तर तीही धोक्याची सूचना समजावी.

येथे निसर्गाचा एक नियम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिल्या वर्षात बाळाच्या अंगावर मेद साठतो. बाळ चालू लागल्यावर तो ओसरू लागतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास मूल सर्वांत काटकुळे दिसते. त्यानंतर देह पुन्हा हळूहळू भरू लागतो. पाच वर्षांचे खेळते-बागडते मूल सडसडीत दिसणे, बरगड्यांची पुसट रेघ दिसणे, हे पुष्कळदा निरोगी वाढीचेच लक्षण असते. नेमक्या याच वयात आजी-आजोबांना काळजी वाटू लागते आणि भरवण्याचा सपाटा सुरू होतो.

दुर्दैवाने याच वयात, म्हणजे सहाव्या वर्षी, अंगणवाडीचा तक्ताही संपतो. मूल शाळेत जाते आणि त्याची रेषा तेथेच थांबते. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वर्षातून एकदा तपासणी होते. परंतु दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मुलाकडे लक्ष ठेवणारे शिक्षक आणि पालकच असतात. शाळेने वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर महिन्यांत, प्रत्येक विद्यार्थ्याची उंची व वजन एका वहीत नोंदवून ठेवले, तर तुटलेली रेषा पुन्हा जोडली जाईल. यासाठी एक वजनकाटा आणि भिंतीवर रेखाटलेली मोजपट्टी एवढे साहित्य पुरेसे आहे. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत उंची वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर आणि वजन सुमारे २ ते ३ किलो वाढते, हे सर्वसाधारण मान होय. एका वर्षात पाच-सहा किलो वजन वाढले आणि उंची मात्र नेहमीइतकीच वाढली, तर पालकांना बोलावून घ्यावे.

उंची व वजन यांचा मेळ पाहण्यासाठी शरीर वस्तुमान निर्देशांक वापरतात. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले की तो मिळतो. उदाहरणार्थ, १० वर्षांच्या मुलाची उंची १४० सेंटिमीटर, म्हणजे १.४ मीटर आहे. १.४ गुणिले १.४ म्हणजे १.९६. त्याचे वजन ३४ किलो असेल तर निर्देशांक १७.३ येतो, ३७ किलो असेल तर १८.९ आणि ४३ किलो असेल तर २१.९ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यानुसार १० वर्षांच्या मुलग्यासाठी १८.५ च्या पुढे अतिवजन आणि २१.४ च्या पुढे स्थूलता मानतात. म्हणजे पहिला मुलगा ठीक, दुसरा सावध राहण्याच्या स्थितीत आणि तिसरा स्थूल ठरतो. प्रौढांसाठी सांगितली जाणारी २५ ची मर्यादा या तिसऱ्या मुलाला लावली, तर तोही निरोगीच ठरेल! म्हणून मुलांसाठी वय आणि लिंग यांनुसार असलेला तक्ताच पाहिला पाहिजे.

घरचे ताट आणि दुकानातील पुडा

गोमंतकीय घरातील पारंपरिक आहार मुलांच्या वाढीस पूरक असाच आहे. उकड्या तांदळाची पेज, तांबडी भाजी, अळसांदे, मूग व कुळीथ, अनेक भाज्यांचे खतखते, नाचणीचे तिझण, आणि मासळी खाणाऱ्या घरांत तारले, बांगडे व तिसऱ्या यांतून ऊर्जेबरोबरच प्रथिने, लोह आणि चुना मिळतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. पांढऱ्या तांदळात तो दहा मिलिग्रॅमही नसतो. तारले व बांगडे ही तुलनेने स्वस्त मासळी पोषणमूल्यात महागड्या मासळीला हार जात नाही. शाकाहारी घरांत डाळी, कडधान्ये, दूध आणि ताक यांनी तीच गरज भागते. पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणानंतर पेरू खाल्ला, तर त्यातील जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी अधिक लागते.

ताटातील दोष असेल तर तो प्रमाणाचा आहे. भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी, असे ताट पोट भरते पण बांधा घडवत नाही. अर्धे ताट भाज्या व फळे यांचे, उरलेल्या अर्ध्यात धान्य आणि डाळ, अंडे किंवा मासळी, हे साधे मान घरातील सर्वांनाच हितकर आहे.

खरी अडचण जेवणांच्या मधल्या वेळेत उद्भवते. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. तिच्यातून सुमारे १२० कॅलरी मिळतात आणि याखेरीज काहीही मिळत नाही. तीस किलो वजनाच्या मुलाला एवढी ऊर्जा खर्च करण्यासाठी पाऊण ते एक तास चालावे लागेल. तळलेल्या वेफर्सच्या ५० ग्रॅमच्या पुड्यात याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते, आणि मीठ वेगळेच. एक बाटली व एक पुडा संपल्यावर मूल रात्री जेवत नाही, आई म्हणते, "याला भूकच लागत नाही." भूक होती, ती दुकानाच्या पायरीवर भागलेली असते. यास्तव असे पदार्थ घरात साठवून ठेवू नयेत, आणि बक्षीस किंवा समजूत म्हणून मुलाच्या हाती देऊ नयेत. तहानेला पाणी, शहाळे, ताक किंवा सोलकढी. मधल्या भुकेला केळे, चणे-शेंगदाणे, उकडलेले अंडे किंवा नाचणीची भाकरी, एवढी तजवीज कोणत्याही घरात होण्यासारखी आहे.

मैदान, पडदा आणि झोप

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान एक तास दम लागेल असा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०१६ पर्यंतच्या पाहण्यांच्या आधारे केलेल्या एका अंदाजानुसार भारतातील ११ ते १७ वर्षांच्या दर चार मुलामुलींपैकी सुमारे तीन जण हे मान गाठत नव्हते. या तासासाठी व्यायामशाळेची किंवा महागड्या साधनांची आवश्यकता नाही. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, खो-खो आणि दोरीवरच्या उड्या यांत तो सहज भरून निघतो. भातकापणी झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांत फुटबॉल खेळण्याची गोव्यातील जुनी रीत हाही असाच उत्तम व्यायाम होय. चालण्याजोग्या अंतरावर शाळा असलेल्या मुलांना दुचाकीवरून सोडण्यापेक्षा चार-पाच जणांच्या घोळक्याने, सुरक्षित रस्त्याने पायी पाठवणे श्रेयस्कर.

मुलींच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगी भावाबरोबर धावते. वयात आली की अंगणातील खेळ सुटतो, घरकाम वाढते आणि मैदान मुलग्यांचे होते. त्याच वयात तिला लोहाची गरज वाढलेली असते. आजची किशोरी ही उद्याची माता आहे, आणि पुण्याच्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे बाळाच्या देहाची घडण मातेच्या आहाराशी निगडित असते. म्हणून शाळेत मुलींसाठी मैदानाची वेळ राखून ठेवणे, फुगडी आणि धालो यांसारख्या नृत्यखेळांना उत्तेजन देणे, आणि घरात शेवटी उरलेले अन्न मुलीच्या ताटात जाणार नाही हे पाहणे, हे दोन पिढ्यांच्या आरोग्याचे काम आहे.

मोबाईल आणि दूरदर्शन संच यांच्या पडद्यापुढे बसलेले मूल हालचाल तर करीत नाहीच, शिवाय किती खाल्ले याचे त्याला भान राहत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना तो दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक नसावा. जेवताना मात्र तो घरातील सर्वांसाठीच बंद असावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत ८ ते १० तास झोप आवश्यक असते. अपुऱ्या झोपेने भूक अवेळी लागते, म्हणून रात्रीचा मोबाईल मुलाच्या उशाशी नसावा.

शाळेचे आणि गावाचे उत्तरदायित्व

एकट्या आईने हा भार उचलावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. शाळेतील मुलांसाठी सुरक्षित अन्न व संतुलित आहार यांविषयीच्या २०२० च्या केंद्रीय विनियमांनुसार मेद, मीठ किंवा साखर यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकण्यास मनाई आहे. हा नियम कागदावर न राहता अमलात येतो की नाही, हे मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ आणि पंचायत यांनी मिळून पाहावे. शाळेच्या दारातील विक्रेता हाही गावचाच असतो. त्याला हुसकावण्याऐवजी उकडलेले चणे, मक्याची कणसे, शेंगदाणे व फळे विकण्यास प्रवृत्त केले, तर त्याचा उदरनिर्वाहही चालेल.

माध्यान्ह आहार योजना २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाते. तीनुसार प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे मान ठरलेले आहे. गोव्यात हा आहार रांधणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांच्या व महिला मंडळांच्या भगिनींशी शिक्षकांनी आणि पालकांनी वरचेवर बोलावे. उसळीत कडधान्य पुरेसे आहे ना, भाजी रोज बदलते ना, याची आपुलकीने विचारपूस करावी. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला किंवा परीक्षेच्या तयारीला उसना देण्याची प्रथा मात्र सर्वच शाळांनी सोडून दिली पाहिजे.

स्थूल मुलाशी वागताना

जे मूल आधीच स्थूल झाले आहे, त्याला उपाशी ठेवणे किंवा जाहिरातीतील चूर्णे व औषधे देणे घातक आहे. वाढत्या मुलाचे वजन घटवण्याची घाई सहसा नको; वजन आहे तेथे स्थिर राहिले आणि उंची वाढत गेली, तर दोहोंचा मेळ कालांतराने आपोआप बसतो. मानेवर किंवा काखेत काळपट, जाडसर त्वचा येणे, झोपेत मोठ्याने घोरणे, गुडघे दुखणे, मुलींची पाळी अनियमित होणे, अशी लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

औषधोपचाराइतकेच महत्त्व वागणुकीला आहे. 'जाड्या', 'ढोल्या' अशी नावे वर्गात रुळली की ते मूल मैदानात पाऊल टाकत नाही आणि एकटेपणात अधिक खाते. शिक्षकांनी वजनाचा आकडा वर्गासमोर मोठ्याने वाचू नये, तो पालकांना एकांतात सांगावा. घरात एकट्या मुलासाठी वेगळे पथ्य न करता सर्वांचेच ताट सुधारावे. वडील शीतपेय पीत असताना मुलाला पाणी पिण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

सुदृढ बालक स्पर्धा पुन्हा भरवायच्या असतील तर जरूर भरवाव्यात. मात्र परीक्षकांनी तराजूबरोबर वाढीचा तक्ताही मागावा. ज्या बाळाची रेषा सरळ वर चालली आहे, ज्याचे लसीकरण पूर्ण आहे, जे घरचे अन्न आवडीने खाते आणि अंगणभर धावते, त्याला पहिले पारितोषिक मिळावे. त्याच्या मांडीला वळ्या आहेत की नाहीत, हे पाहण्याचे कारण उरणार नाही.